पडदा नसलेला कॉम्प्युटर

आळंदमध्ये कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की मला फोन येतो. मी कलबुर्गीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, रोज बसनं ये-जा करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांची यंत्रं उघडून बसतो. हे सगळं हौसेनं. फक्त समोरच्याला माझी मतं ऐकून घ्यावी लागतात, आणि मतं माझ्याकडे पुष्कळ आहेत. विंडोज बरं की लिनक्स, जुन्या मशीनमध्ये आधी रॅम वाढवावी की हार्डडिस्क काढून एसएसडी टाकावी, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावं, यावर मी तुरीच्या पोत्यावर बसून तासभर बोललेलो आहे. ऐकणारा हमाल मध्येच उठून गेला होता, तरी बोलत होतो.

एका रविवारी सकाळी बाजारातल्या एका अडत्याचा फोन आला. आमच्या घरोब्यातले, मी त्यांना अण्णा म्हणतो.

"अक्काचा कॉम्प्युटर बोलंना झालाय. जरा येऊन बघतोस का?"

बोलंना म्हणजे चालू होईना, असा अर्थ मी लावला आणि पाना-पेचकस घेऊन निघालो.

अक्का म्हणजे अण्णांची बहीण, पन्नाशीला आलेली. कन्नड कागदांचं मराठी करून देते, हे मला ऐकून माहीत होतं. आमच्याकडे त्याची गरज फार. जमीन इकडे आणि माणसं उमरग्याला, अक्कलकोटला, असं कितीतरी घरांचं आहे. इकडचा पहाणीचा उतारा, म्हणजे तिकडचा सातबारा, कन्नडमध्ये, आणि तिकडच्या नातवंडांना त्यातलं अक्षर लागत नाही. ते अक्काकडे येतात. तिला लहानपणी गोवर झाला आणि दृष्टी गेली, हेही कधीतरी कानावर आलं होतं. पण या दोन गोष्टी मी डोक्यात एकत्र कधी आणल्याच नव्हत्या.

दार तिच्या आईनं, म्हणजे अव्वांनी उघडलं. आतल्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्याच्या मॉनिटरवर विणलेलं कापड टाकून वर तांब्या ठेवलेला होता. मी तांब्या खाली घेतला, कापड काढलं, बटण दाबलं. काहीच नाही. मागं बघितलं तर मॉनिटरची वायरच जोडलेली नव्हती.

"अक्का, हे जोडलेलंच न्हाई की."

"ते कामून जोडायचं?" ती म्हणाली. "त्याचा मला काय उपयोग? अव्वाला तांब्या ठेवायला बरं पडतंय म्हणून ऱ्हाऊ दिलंय."

मग तिनंच मला आजार सांगितला. "बटण दाबलं की एकदाच टिक् करतंय, म्हंजे रॅम जाग्यावर हाय. पंखा रोजच्यासारखा फिरायलाय. डिस्कचा आवाज बी तोच हाय, आधी खरखर, मग थांबून दोनदा बारीक. म्हंजे विंडोज पूर्ण चालू व्हायलंय. फक्त आवाजाचा भाग गेलाय. स्पीकर मी मोबाइलला लावून बघितला, तो चांगला हाय."

मी पेटी उघडून तपासली. तिनं सांगितलं तेच आणि तेवढंच बिघडलं होतं. वीस वर्षं मी मशीन उघडतोय. झाकण न काढता, पडद्यावर एक अक्षर न बघता, नुसत्या आवाजावरून असं निदान केलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

माझ्या पिशवीत यूएसबीला लावायचं छोटं साउंडकार्ड होतं. ते लावलं आणि मशीन बोलायला लागलं. बोलायला म्हणजे काय, पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा आवाज. मला त्यातला एक शब्द कळला नाही. अक्काची बोटं मात्र कळफलकावर चालायला लागली होती.

"हे कुठल्या भाषेत बोलायलंय?" मी विचारलं.

"कन्नड." ती हसली. "वेग जरा जास्त हाय. तुझ्यासाठी हळू करू का, तम्मा?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या दिवसापासून मी तिचा तम्मा झालो.

तिनं कमी वेगानं दाखवलं. कागद स्कॅनरवर ठेवायचा, मशीन त्यातली कन्नड अक्षरं ओळखून वाचून दाखवतं, आणि ती ऐकता ऐकता दुसऱ्या खिडकीत मराठी टाइप करते. हातानं लिहिलेला जुना कागद मशीनला लागला नाही तर अव्वा चष्मा लावून वाचतात. एका कानातून एक भाषा आत जाते आणि बोटांतून दुसरी बाहेर पडते. मी चहा विसरून बघत राहिलो.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझी मतं जागी झाली. तिचं विंडोज फार जुनं होतं, कंपनीनं त्याचे अपडेट कधीच बंद केले होते. लोकांच्या जमिनीचे कागद असल्या मशीनवर ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं, असं मी तिला समजावलं. लिनक्स टाकू या, हलकं आहे, सुरक्षित आहे, फुकट आहे.

"ते बोलतंय का?" तिनं एवढंच विचारलं.

"सगळं बोलतंय," मी म्हणालो. मी ते कधी तपासलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी माझ्या घरचा मॉनिटर नेऊन तिच्या मशीनवर लिनक्स टाकलं. त्याआधी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करून ठेवली, हे एक शहाणपण केलं. काम झालं तेव्हा पडदा बघून मी खूश होतो. किती सुबक दिसतंय म्हणून अव्वांनाही दाखवलं. मग अक्का खुर्चीवर बसली.

मशीन गप्प. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी सुरूच केलं नव्हतं. ते सुरू केलं तेव्हा इंग्रजी बोलायला लागलं. कन्नड आवाज शोधून दिला, तर स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये गेल्यावर पुन्हा गप्प. तिथली बटणं दिसत होती, पण आतून त्यांना नावंच दिलेली नव्हती, त्यामुळं मशीन नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणत होतं. अक्का शांतपणे तासभर झगडली. मी शेजारून सांगत होतो, वर उजवीकडं निळं आहे ते दाबा. तिला निळं काय आणि उजवीकडं काय.

शेवटी तिनं हात मांडीवर घेतले. "तम्मा, छान दिसतंय असं तू सकाळपासून चार-पाच येळा म्हणलास. मला एकदाबी ऐकू आलं न्हाई."

रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. मी नक्कल करून ठेवलेली डिस्क परत टाकली, तिचं जुनं यंत्र पूर्ववत बोलतं केलं आणि घरी आलो.

घरी येऊन माझ्या मॉनिटरवर टॉवेल टाकला. ठरवलं की आठवडाभर घरचा कॉम्प्युटर असाच वापरायचा. पहिल्या दिवशी एक फोल्डर उघडायला इतका वेळ लागला की बायको म्हणाली, "आता टॉवेल काढा आणि आंघोळीला जा." तिसऱ्या दिवशी एक पत्र लिहून पाठवलं, ते भलत्याच माणसाला गेलं. पाचव्या दिवशी आवाजाचा वेग थोडा वाढवून बघितला, तरी शब्द सुटे ऐकू यायला लागले, तेव्हा अंगावर काटा आला. पडद्यावर आपण सगळं एकदम बघतो. कानाला एका वेळी एकच शब्द मिळतो. त्या एकेका शब्दाच्या धाग्याला धरून अक्का रोज अख्खं मशीन डोक्यात उभं करते. कुठल्या खिडकीमागं कुठली खिडकी आहे, कुठल्या यादीत सातवं काय आहे, हे सगळं तिला पाठ. माझ्या लॅबमधल्या कुठल्याच मशीनची मेमरी मला त्या आठवड्यानंतर मोठी वाटली नाही.

मग मी तिच्याकडे परत गेलो आणि या वेळी आधी विचारलं. तिला हवं होतं ते असं: सवयीचं विंडोजच, पण अपडेट मिळणारं. आणि लिनक्स वेगळ्या डिस्कवर. "शिकते की सावकाश," ती म्हणाली. "ते बोलंना, पण दोष सगळा त्याचा नव्हता."

त्यासाठी मी तिची हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली. मशीन पाचपट चपळ झालं. तिचा चेहरा मात्र पडला.

"हे काम करायलंय का झोपलंय, मला कसं कळायचं?"

खरंच की. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती मुकी असते. तिच्या जुन्या डिस्कची खरखर मी दोष समजत होतो, आणि ती त्यावरून फाइल नीट सेव्ह झाली की नाही ओळखत होती. मी दोन दिवस बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. डिस्कवर काम चालू असलं की स्पीकरमधून हलकी टिकटिक यायची. आयुष्यात लिहिलेला माझा तो सगळ्यात लहान प्रोग्रॅम असेल. तो ऐकून ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत हसली.

जुनी डिस्क तशीही थकली होती. तिच्या सांगण्यावरून मी ती उघडली आणि आतली चकती तिच्या हातात दिली. ती कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली. "इतकं गुळगुळीत? ह्यावर माझे एवढे कागद लिहिलेले होते?" मग बोट थांबवून म्हणाली, "हाताला एक अक्षर लागंना." मी त्या चकत्या पन्नास वेळा हातात घेतल्या असतील. आपण कशाला हात लावतोय हे मला तेव्हा जाणवलं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात अण्णा एकदा लॅपटॉप घेऊन तिच्या खोलीत आले. मीही तिथंच होतो. डाळीच्या व्यापाऱ्यांची ऑनलाइन सौद्यांची एक साइट आहे, तिच्याकडून त्यांना मेल आला होता: आजच पुन्हा नोंदणी करा, नाहीतर खातं बंद होईल. साइट उघडलेली, तोच रंग, तेच चिन्ह, खाली पासवर्डची चौकट.

"बघ रे, बरोबर हाय का?"

मी वाकून बघितलं. वरचा पत्ता वाचला, अक्षरन् अक्षर वाचलं असं मला वाटलं. "बरोबर दिसतंय," मी म्हणालो. कॉलेजात सुरक्षेवर भाषण देणारा माणूस मी.

अण्णांचं बोट कळफलकावर गेलं तेवढ्यात अक्का म्हणाली, "थांब अण्णा. ते मला पाठव, ऐकू दे."

त्यांनी तो दुवा तिला पाठवला. तिनं एक कळ दाबली आणि मशीन एकेक अक्षर सुटं वाचायला लागलं. नावात इंग्रजीत दाल असा शब्द होता. मशीन म्हणालं, डी, ए, वन.

"वन म्हणलं," अक्का म्हणाली. "एल पाहिजे की. हा आकडा हाय, एक."

आम्ही दोघांनी पुन्हा पडद्याला डोळे लावले. मी चष्मा पुसला, अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं. तेव्हा कुठं त्या काठीच्या डोक्याला बारीकसं नाक दिसलं. एलच्या जागी एक टाकून कुणीतरी अख्खी साइट हुबेहूब उभी केली होती. ती डोळ्यांसाठी केलेली होती. कानाला फसवायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

अण्णा लॅपटॉप मिटून खाली बसले. "एवढे डोळे असून," असं काहीतरी म्हणाले. मग बाजारात जाऊन त्यांनी प्रत्येक दुकानात सांगितलं. तेव्हापासून संशयाचे मेल आले की लोक अक्काकडे पाठवतात, माझ्याकडे नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता लिनक्सचं सांगतो. अक्का ते खरंच शिकली. पण त्यातल्या मराठी आवाजाची एक खोड होती. त्याला ळ येत नव्हता. डाळीला डाल, शाळेला शाला, आणि आमच्या गावाला आलंद. पलीकडच्या हळ्ळीखेड गावाचं तर काय करायचं तेच त्याला कळेना, तिथं ते नुसतंच अडखळायचं. तो आवाज जगभरातले हौशी लोक फावल्या वेळात घडवतात, हे मी तिला सांगितलं होतं. तिनं त्यांना पत्र लिहायचं ठरवलं. इंग्रजी मी नीट करून दिलं, मजकूर तिचा.

उत्तर आलं. कुठल्यातरी लांबच्या थंड देशातल्या माणसाचं. त्यानं आयुष्यात ळ ऐकला नव्हता. त्यानं विचारलं होतं, हा उच्चार करताना जीभ नेमकी कुठं लागते?

हे कुणाला सांगता येतंय? आम्ही तिघं बसलो. अव्वांना मी म्हणालो, "अव्वा, डाळ म्हणा."

"डाळ."

"जीभ कुठं लागली?"

"मला काय ठावं? डाळ. डाळ. शिजवायची का न्हाई ते सांगा."

शेवटी अक्कानं स्वतःच्या तोंडात बोट घालून बघितलं आणि मला लिहायला सांगितलं: टोक मागं वळून टाळूला लागतं आणि पुढं फटकन सुटतं. सोबत तिनं शंभर शब्द आपल्या आवाजात बोलून पाठवले. डाळ, बाळ, कपाळ, उन्हाळा, आळंद.

काही महिने गेले. मध्ये दोनदा त्यानं नमुने पाठवले, दोनदा अक्कानं ते नापास केले. मग एका सकाळी माझ्या फोनवर तिचा आवाज: "तम्मा, असशील तसा ये."

मी गेलो तेव्हा अण्णा दुकान सोडून आले होते, अव्वा दारात टेकून उभ्या होत्या. अक्कानं नवीन अपडेट टाकलेलं होतं. तिनं एक शब्द टाइप केला, कळ दाबली, आणि मशीन त्याच्या त्या पत्र्याच्या आवाजात स्वच्छ म्हणालं: आळंद.

इथून कितीतरी समुद्रांपलीकडं एक माणूस आपल्या टेबलाशी बसून आमच्या गावाचं नाव नीट म्हणायला शिकला होता, आणि आता ज्याच्या-ज्याच्या मशीनमध्ये तो आवाज असेल तिथं ते असंच म्हटलं जाणार होतं.

अव्वांनी पदरानं हात पुसले आणि पुढं आल्या.

"आणिक एकदा म्हण म्हणावं त्याला," त्या म्हणाल्या.