साठ पावलांपलीकडचं पाणी

उदगीरहून नांदेडची बस सुटली तेव्हा माझ्या पर्समध्ये वहीचं एक पान होतं आणि त्यावर एक त्रिकोण. मी शाळेत गणित शिकवते. आदल्या रविवारी जळकोटजवळ सासरी गेले होते, तेव्हा तलावाच्या काठावर दोन काठ्या रोवून पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीपर्यंतचं अंतर मी काढून आणलं होतं. साठ पावलं. बाभळीच्या पलीकडे नदीचं जुनं पात्र बुडालेलं आहे आणि मोठे मासे तिथेच असतात, हे माझ्या सासऱ्यांचं ज्ञान.

मामंजी निवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. सुटीच्या दिवशी आधी टायरच्या ट्यूबवर, नंतर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून त्यांनी त्या पात्रात आयुष्यभर मासे धरले. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, डावा हात अधू झाला आणि तराफा सुटला. मग ते काठावरून चमचा फेकून बघू लागले. चमचा म्हणजे गळ लावलेला, पाण्यात माशासारखा लकाकणारा पत्रा. तो पस्तीस पावलांवरच पडायचा. तीन-चारदा तसं झालं आणि त्यांनी तलावावर जाणं सोडलं. पुढे पुढे ते अंगणातही येईनात. त्यांना पुन्हा पाण्याचा नाद लावू नकोस, असं सासूबाईंनी मला बजावलं होतं. मला मात्र हे गणित सुटणारं वाटत होतं.

जळकोट, जांब मागे पडलं. दोन्ही बाजूंनी काळं रान, तूर फुलावर आलेली, मधूनच उघडा माळ. नांदेडला उतरल्यावर स्टँडसमोर सुशीला (मुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात तो आपला मराठवाडी नाश्ता) खाल्ला आणि वजिराबादेत मासेमारीच्या सामानाचं दुकान शोधलं.

दुकानदार व्यंकटराव, गोदाकाठी पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातले. चमचा लांब जायला हवा, एवढंच मी सांगितलं. त्यांनी काउंटरवर दोन दोरे शेजारी ठेवले. एक आपला नेहमीचा जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकसंध दोरा, दुसरा बारीक धाग्यांचा विणलेला, शिवायच्या दोऱ्याइतका. ताकद दोघांची सारखीच, पण जाड तंगूस वाऱ्याला अडतो, रिळावर वेटोळी धरून बसतो आणि चमच्याला मागे ओढतो. विणलेला सरळ सुटतो, मात्र दगडाला घासला की कापला जातो, म्हणून त्याच्या पुढे दोन हात तंगूस जोडायचा. रीळ काठोकाठ भरायचं नाही, अर्धंही ठेवायचं नाही, कड जराशी उघडी राहील इतकं. चमचा रुंद घेतला तर पाण्यात झकास डोलतो, पण हवेत तरंगतो. लांब जायचं तर अरुंद आणि अंगाने जड. मी सगळं वहीत उतरवलं. दहा फुटांची काठी त्यांनी काढली आणि आम्ही नदीकाठच्या मोकळ्या जागेत गेलो. चमच्याचा गळ त्यांनी काढून ठेवला होता. पाण्याऐवजी जमिनीवर फेकलं म्हणजे पावलं मोजता येतात, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

माझा पहिला चमचा माझ्याच पायाशी पडला. दुसऱ्या वेळी बरा गेला. व्यंकटरावांनी दोन्ही हातांनी काठी धरून फेकला तेव्हा मी नव्वद पावलं चालले. मी खूश झाले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, टाकणार कोण, तुम्हीच का? मग मला मामंजींच्या हाताचं सांगावंच लागलं. का कोण जाणे, तोवर ते मी टाळलं होतं.

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली.

"हे आधी सांगायचं ना, ताई. मी तुम्हाला दोन हातांची काठी देऊन राहिलो."

आम्ही परत दुकानात आलो. त्यांनी आठ फुटांची हलकी काठी निवडली आणि चमचाही थोडा हलका घेतला. रिळाची मूठ डावीकडून काढून उजवीकडे बसवली. चमचा उजव्या हाताने फेकायचा, मग काठीचं बूड डाव्या काखेत दाबायचं आणि उजव्यानेच दोरा गुंडाळायचा. पुन्हा नदीकाठी जाऊन, डावा हात पँटच्या खिशात घालून त्यांनी स्वतः फेकून पाहिलं. पाच-सहा वेळा चुकले. मग मी मोजलं, पासष्ट पावलं.

त्या संध्याकाळी मी सासरी पोचले. काठी बघून सासूबाई चुलीकडे वळल्या. मामंजींनी दोरा बोटांत धरून पाहिला आणि हा तुटणार, असं म्हणून कूस बदलली.

सकाळी मात्र ते माझ्याआधी दारात उभे होते.

काठावर पोचल्यावर पहिली फेक मी केली. दोऱ्याचा वेढा काठीच्या टोकाला बसलाय हे माझ्या लक्षात आलं नाही. फटकन आवाज झाला, दोरा तुटला आणि चमचा एकटाच उडत बाभळीच्या पलीकडे जाऊन बुडाला. माझा चेहरा उतरला.

"अंतर तर बराबर हाय," मामंजी म्हणाले.

वर्षभरात त्यांनी केलेली ही पहिली थट्टा होती. नवा चमचा त्यांनी स्वतः बांधला. तंगुसाचं एक टोक दातांत, दुसरं उजव्या हातात. मी मदतीला हात पुढे केला तो त्यांनी बघितलाच नाही. त्यांची पहिली फेक डावीकडे भरकटली, दुसरी बाभळीच्या अलीकडे पडली. चौथी बाभळीवरून गेली आणि पाण्यावर छोटासा ठिपका उमटला. ते हळूहळू गुंडाळू लागले.

अकराव्या की बाराव्या फेकीला काठी वाकली. मासा बाभळीकडे धावला. मी रिळाचा ब्रेक आवळायला सांगितलं. त्यांनी उलट ढिला केला. काखेतलं बूड निसटायला लागलं तेव्हा मी काठी पकडली.

"सोड सुनबाई. हात माझाच हाय अजून."

मी सोडली. त्यांचा डावा हात काठीला चिकटून होता. मासा थकला, वळला आणि बऱ्याच वेळाने काठाशी आला. लांब मिशांचा शिंगाडा, माझ्या हाताएवढा. पुढचा तंगूस दगडाला घासून खरखरीत झाला होता. विणलेला दोरा मात्र शाबूत होता. मामंजी चिखलातच बसले आणि माशाकडे नाही, बाभळीकडे बघत राहिले.

दुपारी सासूबाईंनी भाजलेल्या धान्या-मसाल्यांची पूड, म्हणजे येसर घालून रस्सा केला. वाढताना त्यांनी मला हळूच विचारलं, पुढच्या रविवारी येशील का? तू असलीस की मला घोर नसतो.

उदगीरच्या बसमध्ये मी वही उघडली. जाडी, वजन, लांबी, सगळा हिशेब बरोबर आला होता. पण ब्रेक आवळा, असं मी अगदी खात्रीने म्हणाले होते आणि ते ऐकलं असतं तर घासलेला तंगूस तुटून मासा गेला असता, हे मी त्याखाली लिहून ठेवलं. गणितात मी कच्ची नाही. पाण्यात आहे. ते शिकायचं तर काठावर उभं राहून दुसऱ्याची पावलं मोजणं पुरे नाही. व्यंकटरावांकडची दहा फुटांची काठी मी माझ्यासाठी आणणार आहे. माझे दोन्ही हात धड आहेत.