शिवेपलीकडचं घर

आमच्या कोकणातल्या गावात शिमग्याला देवीची पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचवायची, यावर दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे. गाव आम्ही वसवलं, म्हणून पहिला मान आमचा, असं आम्ही म्हणतो. तेही तेच म्हणतात. यंदा गावकीने दोघांकडे लेखी पुरावा मागितला आणि काकांनी मला अबुधाबीला फोन केला. मी इथे इमारतींचे नकाशे तपासतो, म्हणजे घराण्याचा इतिहास मला येणारच, अशी त्यांची समजूत.

"होऊन जाईल काका, इन्शाल्ला," मी सवयीने म्हणालो.

काका निवृत्त शाळामास्तर. त्यांनी स्वतःकडचा पुरावा लगेच पाठवला. मागल्या जनगणनेच्या वेळी प्रगणकाने घरोघर फिरून हाताने काढलेला नजरी नकाशा. त्यात घर क्रमांक एक आमचं. झकास! जोडीला असावा म्हणून मी सरकारी साइटवरून जुना गावनकाशा उतरवला, सर्व्हे नंबर जुळवला आणि मला घाम फुटला. गावची शीव वहाळावरून, म्हणजे ओढ्यावरून जाते आणि आमचं घर वहाळाच्या पलीकडे. जे गाव आम्ही वसवलं, त्या गावात आम्ही राहतच नव्हतो.

"सो वी आर एक्स्पॅट्स देअर ऑल्सो?" मी सांगितल्यावर लेकीने विचारलं. मला हसू आलं आणि तिचा रागही आला.

नजरी नकाशा पुन्हा उघडला. त्यातला वहाळ शहाण्यासारखा आमच्या घरामागून वळला होता. अक्षरही ओळखीचं होतं. त्याच अक्षरात मला वाढदिवसाची पत्रं येत.

मी फोन लावला. "काका, तेव्हा प्रगणक कोण होतं?"

"मीच. बाकीचे मास्तर ड्यूटी टाळत होते, मी मागून घेतली."

"आणि वहाळ?"

"ठाऊक आहे रे मला. माझ्या वडलांनाही ठाऊक होतं."

मी तापलोच. हा खोटेपणा आहे, समोरच्यांनी गावनकाशा काढला तर शोभा होईल, असं बरंच सुनावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"अरे, एकटा वहाळच खोटा नाही," ते म्हणाले. "घरात माणसं मी पाच लिहिली. आम्ही दोघं आणि तुम्ही तिघं. तुझी मुलगी तर तिकडेच जन्मलेली. पण तुम्हाला लिहिणार कुठे?"

मला रडू आलं. समोरच्या घराण्यातही कुणी नकाशे वाचणारा असेल, असू दे. मी काकांचा नकाशा गावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सरकारी पुरावा'.