दोन टँकरांचा दुष्काळ

हरिबा शेंडगे मूळचे दुष्काळी आटपाडीचे. शिरवळजवळच्या आमच्या फार्महाऊसवर ते देखावे उभारतात. तिथं शहरातली माणसं सोंगं घेऊन दोन दिवस खेळायला येतात आणि त्यांची बडदास्त ठेवायचं घाणेरडं काम माझ्याकडं आहे.

नव्या खेळाचा विषय ठरवायला बैठक बसली. भुतं, राजवाडे वापरून झाले होते. कुणीतरी दुष्काळ सुचवला आणि सगळे हरखले. जमिनीला भेगा हव्यातच, असं ठरलं.

हरिबा म्हणाले, "आवं, आमच्या मुरमाड माळाला भेगा पडत न्हाईत. भेगा काळ्या रानाला पडत्यात, पाणी प्यालेल्या."

त्यांचं कुणी ऐकलं नाही. काळी माती आणली आणि ती भिजवून वाळवायला दोन टँकर पाणी मागवलं.

टँकरचा नळ गळत होता. हरिबा धावत गेले आणि त्याखाली बादली धरून उभे राहिले. गावाकडची सवय.

खेळ आखणाऱ्या डिझायनर बाईंनी टाळ्या वाजवल्या. "हे खेळात घेऊ. काका, शनिवारी असंच उभं राहाल?"

हरिबांनी भरलेली बादली जपून बाजूला ठेवली, मग त्या मातीवर थुंकले आणि घरी गेले.

शनिवारी बादली धरायला मी दुसरा माणूस उभा केला.