बसायची नोकरी

मोहिनी भोयर लग्न होऊन वर्ध्याला आली, त्याच वर्षी बाजारातल्या एका साडीच्या दुकानात कामाला उभी राहिली. पुढची अकरा वर्षं ती बसली नाही.

यात अतिशयोक्ती काही नाही. त्या दुकानात पूर्वी पांढरी गादी होती, तेव्हा साडी दाखवणारे आणि बघणारे दोघंही बसायचे. मग शेठजींच्या मुलाने नागपुरात काहीतरी बघितलं आणि गादी काढून काचेचे काउंटर लावले. गिऱ्हाइकांसाठी गोल स्टुलं आली. साडी दाखवणाऱ्या बायकांसाठी काही आलं नाही. शेठजींचं म्हणणं साधं होतं: बसलेली बाई दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, दुकान चालत नाही. त्यामुळे दुकान चालत नसे तेव्हाही बायका उभ्याच असत. मे महिन्याच्या दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, चार बायका चार काउंटरमागे उभ्या राहून कोणाची वाट बघत होत्या ते शेठजींनाच ठाऊक.

संध्याकाळपर्यंत मोहिनीचे पाय सुजून चपलेत मावेनासे व्हायचे. ती चपला पिशवीत टाकून अनवाणी घरी यायची. गल्लीतल्या बायकांची समजूत होती की हिने काहीतरी कडक नवस केलाय. दोघीजणी तर येताजाता तिच्या पाया पडायच्या.

तिचा नवरा गोपाल शाळेची व्हॅन चालवायचा. त्याचं काम सगळं बसून, त्यामुळे त्याची कंबर गेलेली. संध्याकाळी तो उभ्याउभ्या चहा प्यायचा आणि मोहिनी भिंतीला पाय लावून आडवी पडायची. संसार सुखाचा होता. दोघांच्या नोकऱ्या तेवढ्या अदलाबदल झाल्या होत्या.

नोकरी सुटली ती अशाच एका मे महिन्याच्या दुपारी. मोहिनी मागच्या खोलीत परकर आणायला गेली आणि परकरांच्या गठ्ठ्यावर बसली. चक्कर वगैरे काही आली नव्हती. गठ्ठा दिसला, बसली. त्या खोलीत कॅमेरा होता. शेठजी दारात आले.

"मोहिनी, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे ना."

"मग उठा."

मोहिनी उठली. उठल्यावर तिला वाटलं, एवढी उठलीच आहे तर घरीच जावं. ती काउंटरला वळसा घालून, काचेचं दार ढकलून बाहेर पडली. शेठजींना वाटलं ती पाणी प्यायला गेली. चार दिवस त्यांना तसंच वाटत होतं.

गोपाल म्हणाला, "बरं केलं." त्याच्या हिशोबाने हे भाषण होतं. त्याच्या आईला मात्र, विमलाबाईंना, हे अजिबात पटलं नाही. विमलाबाई आणि सासरे तानबा कारंजा घाडग्याच्या पलीकडे गावी राहायचे, संत्र्याची थोडी झाडं होती. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बसासाठी कोणी नोकरी सोडते काय वं?"

विमलाबाईंना मोहिनीने कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तर चुलीपुढे, आणि ते बसणं नव्हे. सासरच्या घरात लाल प्लास्टिकच्या तीन खुर्च्या होत्या. एक तानबांची, एक पाहुण्यांची आणि तिसरीवर वाळलेले कपडे असायचे. सुनेनं मोठ्यांसमोर खुर्चीवर बसू नये, असं त्या घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. मोठं माणूस दिसलं की मोहिनी उठायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि दाराशी उभी राहायची. हे तिच्या अंगातच होतं. दुकानाने त्यावर दुसरा थर चढवला: गिऱ्हाईक दिसलं की उभं. असं दोन्हीकडून पक्कं झालेलं काम होतं ते.

एसटी स्टँडजवळ रसवंतीच्या वर मधुकररावांची एजन्सी होती. पाटीवर लिहिलं होतं, 'मनुष्यबळ पुरवठा', आणि खाली बारीक अक्षरात, 'पासपोर्ट फोटो लगेच मिळतील'. ज्याला माणसं कमी पडतील त्याला मधुकरराव माणसं द्यायचे. आठवड्यासाठी, महिन्यासाठी, लग्नापुरती. चेहरा कायम काळजीचा.

"काय काय येते तुम्हाले, ताई?"

"साड्या दाखवता येतात. थोडं कॉम्प्युटरवर बिलाचं येतं."

"अजून?"

"उभं राहता येतं."

"अन् काम कोणतं पायजे?"

"कोणतंही. खुर्ची पायजे."

मधुकररावांनी पेन खाली ठेवलं. लोक त्यांच्याकडे पीएफ मागत, रविवारची सुट्टी मागत, घराजवळचं ठिकाण मागत. फर्निचर कोणी मागितलं नव्हतं. "ताई," ते म्हणाले, "खुर्ची आपल्या हातात नाई. खुर्ची तिकडची राह्यते, माणूस तेवढा आपला."

पण त्यांच्या डोक्यात राहिलं ते भलतंच. उभं राहता येणारी बाई फार मिळत नाही, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं. म्हणून पहिल्यांदा त्यांनी तिला घरगुती पीठगिरणीच्या प्रदर्शनीत पाठवलं. तिथे ती दिवसभर उभी राहून गहू दळून दाखवायची. मग एका परीक्षेच्या केंद्रावर मुलींना गेटवर तपासायला. उभं राहूनच. मग एका लग्नात नऊवारी नेसून दारात गुलाबपाणी शिंपडायला. त्या हॉलमध्ये पाचशे खुर्च्या होत्या, पांढऱ्या कापडात गुंडाळून मागे लाल रिबनी बांधलेल्या. मोहिनीने दारातून त्यांच्याकडे जसं बघितलं तसं त्या मांडवात नवरीकडेही कोणी बघितलं नसेल.

दुसऱ्या दिवशी ती एजन्सीत गेली आणि मधुकररावांसमोरच्या स्टुलावर बसली. "मी इथून उठत नाई, भाऊ," ती म्हणाली. फोटो काढायला आलेली माणसं तिला वळसा घालून जात होती. जेवणाच्या वेळेपर्यंत मधुकररावांना एक जागा आठवली.

जागा एका मोठ्या हॉस्पिटलात होती. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण मोहिनीचा पगार तिथून होणार नव्हता. नोंदणी खिडकीवरची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. आधार कार्ड घ्यायचं, नाव-गाव-वय कॉम्प्युटरवर टाकायचं, काय होतं ते विचारायचं, चिठ्ठी द्यायची. "फिरणारी खुर्ची हाये," मधुकरराव जरा अभिमानाने म्हणाले. "चाकं बी हायेत."

खुर्ची खरोखर फिरणारी होती. पहिल्या दिवशी मोहिनी खिडकी उघडायच्या आधी जाऊन तिच्यावर बसली आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने गोपालला फोन करून फक्त "बसली" एवढंच सांगितलं. गोपाल म्हणाला, "बरं केलं."

मग खिडकी उघडली. समोर धोतर-टोपीतले एक म्हातारेबुवा उभे. मोहिनी ताडकन उठली, ओढणी डोक्यावर घेतली आणि हात जोडले.

म्हातारेबुवांना वाटलं, संपलं काम. ते निघाले. त्यांना हाका मारून परत बोलवावं लागलं. परत आल्यावर ते म्हणाले, "बसा बाई, बसा." मोहिनी म्हणाली, "नाही, तुम्ही बोला." पण खिडकीच्या काचेला बोलायचं भोक होतं ते बसलेल्या माणसाच्या उंचीवर. उभं राहिल्यावर ऐकू यायचं नाही. मग ती वाकली, तेही वाकले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, व्याही-व्याही भेटतायत.

त्या रांगेत निम्मी माणसं म्हातारी. खेड्यापाड्यांतून गुडघे, मोतीबिंदू, दमा घेऊन आलेली. मोहिनी प्रत्येकासाठी उठायची. तिची रांग दारापर्यंत गेली, मग दाराबाहेर ऑटो उभे राहतात तिथपर्यंत. शेजारच्या खिडकीवर दामिनी उईके बसायची. तिने शनिवारपर्यंत हे पाहिलं. त्याच दुपारी मधुकरराव स्वतः आले.

"ताई, तुमची कम्प्लेंट आली. एवढी वर्षं माणसं देऊन राह्यलो. 'काम करत नाई, नुसती बसून राह्यते,' अशा लय कम्प्लेंट ऐकल्या. 'बसत नाई' अशी पहिलीच." ते खरोखर दुखावलेले दिसत होते. "सोमवारी गर्दीचा दिवस. मी स्वतः येऊन पाह्यतो. लाईन अशीच राह्यली तं मले दुसरी पोरगी द्यावी लागते."

मोहिनीला रडू आलं. अकरा वर्षांनी मिळालेली खुर्ची, आणि ती आपल्याच पायांमुळे जाणार. दुकानात तिला उठवायला शेठजी होते, इथे तर कोणीच नव्हतं.

"तू तोंडाकडे पाहूच नको लोकाईच्या," दामिनी म्हणाली. "हाताकडे पाह्य. हात म्हातारा हाये का जवान, तुले काय कराचं? कार्ड घेजो अन् चिठ्ठी देजो." आणि सोमवारी सकाळी, खबरदारी म्हणून, तिने मोहिनीच्या ओढणीचं टोक खुर्चीच्या हाताला गाठ मारून बांधलं.

उपाय लागू पडला. काचेखालून हात येत होते, भेगा पडलेले, मेंदीचे, थरथरणारे, आणि मोहिनी हातांशीच बोलत होती. रांग सरकू लागली. पलीकडे खांबाला टेकून मधुकरराव उभे होते, त्यांच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. मोहिनीला पहिल्यांदाच पाठ टेकता आली.

मग काचेखालून एक हात आला. मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं, करंगळी वाकडी, हिरव्या बांगड्या. हा हात मोहिनीने गावी गेल्यावर दरवेळी भाकरी थापताना पाहिला होता.

ती उठली. ओढणीबरोबर खुर्चीही आली आणि मागून तिच्या पोटरीवर आदळली. समोर विमलाबाई, मागे गावातल्या दोन बायका. पोराला कशाला त्रास द्यायचा म्हणून न सांगता पहिल्या एसटीने आलेल्या.

"बस," विमलाबाई काचेच्या भोकातून म्हणाल्या.

"आत्याबाई, तुम्ही उभ्या..."

"मी उभी हावो, काऊन का माहा नंबर हाये. तू काऊन उभी हायेस?"

रांगेत चुळबुळ सुरू झाली. मधुकरराव खांबापासून सुटे झाले होते. विमलाबाई मोहिनीच्या बांधलेल्या ओढणीकडे बघत होत्या. कोणीतरी सुनेला दावणीला बांधलंय असं त्यांना वाटलं असेल.

"बस म्हटलं ना. लोकं खोळंबले."

मोहिनी बसली. सासूसमोर, खुर्चीवर, गावातल्या दोन बायकांच्या देखत. तिने कार्ड घेतलं, नाव टाकलं, गाव टाकलं. मग कॉम्प्युटरने सांगितलेलं विचारणं भाग होतं.

"काय त्रास होते, आत्याबाई?"

"गुडघे."

"कायनं?"

"उभं राहू राहू."

"कवापासून?"

"लग्न झालं तवापासून," विमलाबाई म्हणाल्या.

तिथे वर्षांचा आकडा टाकावा लागतो. मोहिनीने टाकला. डोळे भरून आल्यामुळे तो चुकला, पुन्हा टाकला, आणि चिठ्ठी दोन्ही हातांनी दिली. "तिथं बाक हाये, आत्याबाई. बसून राह्यजा." विमलाबाईंनी चिठ्ठी घेतली आणि मागच्या बायकांना बजावलं, "माही सून व्हय. बसूनच लिहिते ते."

मधुकरराव निघून गेले. तक्रार मिटली. तीन महिन्यांनी रजेवरची मुलगी परत आली आणि आपली खुर्ची घेऊन बसली, तेव्हा त्यांनी मोहिनीला एका शाळेच्या ऑफिसात बसवलं. तिथली खुर्ची फिरत नाही. पण एजन्सीत आता मोहिनीची ओळख 'बसणारी बाई' अशीच आहे.

दिवाळीला ती आणि गोपाल गावी गेले. संध्याकाळी ओसरीवर विमलाबाईंनी पाहुण्यांची खुर्ची ओढली, मग तानबांची ओढली, आणि एकीवर स्वतः बसून दुसरीकडे बोट दाखवलं. मोहिनी बसली. दोघींनी पाय लांब केले. शेतातून तानबा आले, तशी मोहिनी सवयीने उठू लागली. विमलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

तानबांनी दोन्ही खुर्च्यांकडे बघितलं. मग आत गेले, तिसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून खाटेवर ठेवले आणि ती खुर्ची स्वतः घेऊन बाहेर आले.