रिकाम्या झोळीचं वजन

माझ्या थोरल्या जावेला मी ताई म्हणते, अख्खी वस्ती काटेवाली म्हणते. खांद्याला लटकवलेला गोल तबकडीचा ताणकाटा, हातात वह्यांची पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरच्याने काहीतरी चोरलंय आणि हिला ते आधीच कळलंय. अकरा वर्षं तिने आमच्या आणि आसपासच्या तीन वस्त्यांमधली पाच वर्षांखालची सगळी पोरं टांगून मोजली. तिला बघून पोरं रडायची आणि आया घर आवरायला लागायच्या.

डूख धरण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिच्या लग्नात माहेरच्यांना पाणी उशिरा मिळालं. त्यावर ती सासूबाईंना एक शब्द बोलली नाही. फक्त पुढची सात वर्षं सगळ्यांचा चहा देऊन झाल्यावर सर्वांत शेवटी त्यांच्या हातात कप दिला, तोही कोमट. सासूबाईंना मरेपर्यंत वाटत राहिलं की थोरली सून जरा संथ आहे.

थोरले दीर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. माझी पोर झाली तेव्हा पहिल्यांदा या बाईचा चेहरा मऊ झालेला मी पाहिला. पोर तिला मोठीआई म्हणते. जेवायला तिच्या ताटात बसायचं, झोपायचं तिच्या कुशीत. मला हेवा वाटायचा, पण कामाच्या घरात असा हेवा परवडतोही.

तिचं काम मात्र बघण्यासारखं. काटा आढ्याला टांगायचा, आधी रिकामी झोळी अडकवायची, स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची. मग पोराचे कपडे उतरवून त्याला झोळीत ठेवायचं, हातपाय झाडणं थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं, आणि डोळे सुईच्या रेषेत धरून आकडा वाचायचा. घाई केली की ती ओरडायची, "तुझं पोर आहे की बटाट्याची गोणी?"

हे सगळं ज्या प्रकल्पासाठी चालायचं त्याचं नाव अन्नसुरक्षा. पैसे लांबच्या देणगीदारांचे, काम इथल्या संस्थेचं. संस्थेने बायकांची धान्यकोठी उभारली, बियाणं वाटलं, आणि ज्या पोराचं वजन वयाच्या रेषेखाली असेल त्याला दर आठवड्याला पिठाचं, डाळीचं आणि तेलाचं पाकीट द्यायला सुरुवात केली. संस्थेच्या प्रमुखाला आम्ही टाळ्यासाहेब म्हणायचो. कारण कुठलीही सभा असो, दर पाच मिनिटांनी त्याला टाळ्या लागायच्या. पाण्याचा नळ सुरू झाला, टाळ्या. नळ बंद पडला, दुरुस्तीचा अर्ज गेला, टाळ्या.

पाकिटं सुरू झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी पीक बुडालं. ताईच्या वह्यांतले आकडे खाली जायला लागले. वर रिपोर्ट जायचा होता आणि रिपोर्टात पोरं वाळत चाललेली कोणाला नको होती. टाळ्यासाहेब स्वतः आला. शाळेच्या हॉलमध्ये साठेक बायका जमवल्या, काटा आम्ही पोचायच्या आधीच टांगून तयार होता. बरोबर नवी झोळी आणली होती, जाड तंबूच्या कापडाची, दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, पुढे देणगीदारांचं चिन्ह छापलेलं. म्हणाला, पाच पोरं आणा, तुमच्यासमोर वजन करू. आणि स्वतःच्या हाताने, कोट न काढता, त्याने एकेक पोर झोळीत घालून टांगलं.

पाचही पोरं ताईच्या वहीपेक्षा अर्धा किलो जास्त भरली.

"बाई, तुम्ही घरी बसून आकडे लिहिता," तो म्हणाला. आवाज चढवलासुद्धा नाही. "गरिबाच्या पोराला आजारी दाखवायला लाज कशी वाटत नाही?"

ताईने तोंड उघडलं, पण त्याने तिच्या हातातली वह्यांची पिशवी घेऊन कार्यालयातल्या एका मुलीकडे दिलीसुद्धा. मग म्हणाला, आपली पोरं धडधाकट आहेत, एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या. सगळ्यांनी वाजवल्या. माझी दीड वर्षाची पोर त्या पाचांत होती. तिच्या वयाची रेषा होती आठ किलो शंभर. ताईच्या वहीत ती सात नऊशे होती, त्या दिवशी आठ चारशे भरली. पोर रेषेच्या वर आली म्हणून मला इतका आनंद झाला की मीही वाजवली. हे मी कोणापासून लपवत नाही.

चार दिवस ताई भिंतीकडे तोंड करून धान्य निवडत बसायची. पाचव्या दिवशी सुपातून नजर न उचलता म्हणाली, "त्याच हॉलमध्ये. त्याच बायकांसमोर. त्याच्याच तोंडून. माझी वजनं खरी होती असं वदवून घेईन, नाहीतर नावाची नाही."

मी म्हटलं, "ताई, तो मोठा माणूस. आपण कोण?"

"शेराला सव्वाशेर भेटतोच. मी थांबेन."

तिच्या जागी ती कार्यालयातली मुलगी आली. पोरगी गरीब, पण तिला कोणी काही शिकवलेलंच नव्हतं. साहेबाने जसं केलं तसं ती करायची. महिनाभराने ती आमच्या अंगणात वजनं घ्यायला आली तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. मुलगी गेली आणि ताई हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या दिवशी महिन्याभरानंतर पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

"झालं काय?" मी विचारलं.

"काही नाही गं. वेळ येऊ दे."

मला वाटलं, दुःख विसरली. बरं वाटलं मला. पोरीचं पाकीट तेवढं बंद झालं होतं, रेषेच्या वर होती ना. मी म्हटलं, ज्याला गरज आहे त्याला मिळू दे.

पुढची तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. टंचाईच्या महिन्यांत पिठात पाणी वाढवायचं आणि पोरीला सांगायचं की असंच पातळ चांगलं लागतं. तिच्या दंडावर दोन बोटं मावायची ती एकावर आली. केस विरळ, खोकला सतत, चार पावलं धावली की बसायची. वजनाच्या कार्डावर मात्र पोर दरवेळी रेषेच्या जरा वर. मी स्वतःलाच कोसायचे की माझ्याच हाताला यश नाही. ताई रोज आपल्या ताटातलं अर्धं तिला भरवायची. मी नको म्हटलं तरी ऐकायची नाही. मी शेजारणींना सांगायचे, सख्खी आई करणार नाही इतकं ही करते.

मग मूल्यमापन आलं. लांबून एक मॅडम आली, उन्हाने नाक सोललेली, बरोबर टॅबलेट घेतलेली दोन पोरं. घरोघरी जाऊन विचारायची: गेल्या सात दिवसांत किती दिवस डाळ खाल्ली? वर्षात किती महिने धान्य पुरत नाही? टाळ्यासाहेबाची माणसं आदल्या दिवशीच फिरून पढवून गेली होती. शेजारच्या म्हातारीला सात दिवसांची डाळ सांगायची होती, तिने घाबरून नऊ दिवस सांगितले.

आमच्याकडे मॅडम ओट्यावर बसली. मी पढवलेलं सांगायला लागले, पण ती म्हणाली, "ते राहू द्या. काल सकाळपासून काय काय खाल्लं, तेवढं सांगा." कालचं काय खोटं सांगणार? सांगितलं. ती बराच वेळ लिहीत राहिली. मग कपाळ चोळत म्हणाली, "मला एक कळत नाही. घरोघर टंचाईचे महिने दोनाचे चार झालेत. मग पोरं कशी वाढली? तीन वर्षांपूर्वी त्याच वयाची जी पोरं होती, त्यांच्यापेक्षा आताची सरासरी चारशे साठ ग्रॅमनी जड आहेत."

ताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या डोळ्यांत असं काही चमकत होतं की मलाच भीती वाटली. म्हणाली, "मॅडम, उद्या हॉलमध्ये शेवटची सभा आहे ना? काटा आणायला सांगा त्यांना. झोळीसकट. तिथे सांगते." आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. टाळ्यासाहेब नव्या कोटात, पडद्यावर चढत जाणारा आलेख, दोन वेळा टाळ्या होऊन गेलेल्या. मॅडम म्हणाली, इथल्या जुन्या कार्यकर्तीला काही दाखवायचं आहे. ताई उठली. धुवट लुगडं, केस चापून बसवलेले, लग्नाला निघाल्यासारखी.

"साहेब, तुम्हीच टांगा," ती म्हणाली. "तुमचा हात पक्का आहे. मागे आम्ही सगळ्यांनी पाहिलाय."

बायका खुदखुदल्या. तो हसत उठला, काटा टांगला, म्हणाला, "कोणाचं पोर?"

"कोणाचंच नाही. नुसती झोळी अडकवा."

त्याने अडकवली. सुई गेली आणि पाचशेवर थांबली.

"वाचा साहेब. मोठ्याने वाचा. मागच्या बायकांना ऐकू येत नाही."

तो वाचेना. मॅडम उठून जवळ गेली, सुई बघितली, वजनं घेणाऱ्या मुलीला विचारलं, "वजन घेताना ही शून्यावर आणत नाही तुम्ही?" मुलगी म्हणाली, "शून्यावर म्हणजे?" आणि रडायला लागली. मॅडमने तिथल्या तिथे हिशेब केला. चारशे साठातून पाचशे गेले की पोरं तीन वर्षांत वाढली नव्हती, उलट चाळीस ग्रॅमनी उतरली होती.

"आता सांगा," ताई त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. "त्या दिवशी कोण खोटं होतं? मी की तुम्ही?"

त्याच्या कपाळावरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. त्याने मॅडमकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. ताई हलली नाही. शेवटी तो पुटपुटला, "तुमची वजनं खरी होती." ती म्हणाली, "ऐकू आलं नाही." त्याला पुन्हा म्हणावं लागलं. काय सांगू, मला त्याचं तोंड बघून गूळ खाल्ल्यासारखं वाटलं. जिरली मेल्याची, मी शेजारणीला कोपर मारून म्हटलं.

मॅडमच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. तिने मुलीकडून वही घेतली. म्हणाली, "मग ज्यांची पाकिटं बंद केली त्यांतली खरोखर रेषेखाली होती ती पोरं किती?" टॅबलेटवाल्या पोरांनी आकडे वजा केले. सदुसष्ट. ती नावं वाचायला लागली, म्हणजे उद्यापासून पाकिटं सुरू करता येतील. चौथं नाव माझ्या पोरीचं होतं.

मी ताईकडे पाहिलं. इतका वेळ ताठ असलेली तिची मान खाली गेली. आणि मला ती खिडकी आठवली, पोट धरून आलेलं ते हसू आठवलं, आणि सगळं एकदम कळलं.

हॉलपासून घरापर्यंत मी तिच्यामागून चालले. दारात तिला अडवलं. "खिडकीतून पाहिलंस तेव्हाच तुला कळलं होतं." लग्न होऊन आल्यापासून मी तिला तू म्हटलं नव्हतं.

"हो."

"तीन वर्षं, ताई."

"तेव्हा सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी गुपचूप स्क्रू फिरवला असता. चूक आम्हीच शोधली म्हणून टाळ्या घेतल्या असत्या. मी खोटी ती खोटीच राहिले असते."

"आणि पोर?"

"माझ्या ताटातलं दिलं तिला. रोज दिलं. अर्धपोटी राहिले मी." तिचा आवाज फाटला. "तू पाहिलंयस."

"बाकीच्या सहासष्ट जणांना कोणाच्या ताटातलं दिलंस?"

मी सरळ आत जाऊन माझी भांडी वेगळी काढली.

टाळ्यासाहेबाला संस्थेने काढलं. प्रकल्प बंद पडला नाही. मॅडमने लिहिलं की पोरांना आत्ताच जास्त गरज आहे, आणि पाकिटं सुरू झाली. ताईला काम परत मिळालं, वर माफीचं पत्र आलं, शिक्क्यासकट. ती ते घेऊन माझ्या चुलीपाशी आली, वाच म्हणाली. मी म्हटलं, पोरीला वाचून दाखव. ती पत्र घेऊन निघून गेली.

लोक मला म्हणतात, झालं गेलं सोड, तिने तर त्या माणसाला धडा शिकवला. शिकवला ना. मी कुठे नाही म्हणते? त्याचं नाक कापलं त्याचा आनंद मला आजही आहे. पोर तिच्याकडे खेळायला जाते, तिलाही मी अडवत नाही. पोरीला काय सांगणार?

पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताई आमच्या अंगणात काटा टांगते तेव्हा मी पोरीला कडेवर घेते आणि तिच्यासमोरून चालत पलीकडच्या वस्तीवर जाते. तिथे दुसरी बाई आहे, तिच्याकडून वजन करून घेते. जाऊन येऊन दोन तास मोडतात, पोर आता जड झाली आहे, कंबर धरते. ताई दर वेळी आमच्याकडे बघत राहते, हातातलं काम थांबवून. तिला लागतं ते, मला ठाऊक आहे. लागावं म्हणूनच जाते.