दाजींनी नाकारलेली घळ

नकाशांच्या कचेरीत सगळेच त्यांना दाजी म्हणत, अगदी वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. कारण समोरच्या टेबलावर त्यांचा मेहुणा बसायचा आणि दिवसातून पन्नासदा "दाजी, जरा बघा हो" म्हणून पुकारा करायचा. त्याला तिथे चिकटवलंही दाजींनीच.

काम चंद्राचं. दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंच्या काचा दिव्याच्या पेटीवर ठेवायच्या आणि चंद्रावरच्या लांब, अरुंद घळी भिंगाखाली मोजायच्या. काठाची सावली तळावर किती लांब पडलीय ते बघायचं. त्या वेळी सूर्य किती वर होता हे ठाऊक असलं की खोली निघते. नावाची डोकेफोड नसायची. जवळच्या विवराचं नाव घळीला, आणि एकाच विवराजवळ दोन-तीन असल्या तर पुढे आकडा. मात्र नवी घळ नकाशावर चढायला दोघांच्या सह्या लागत.

एकदा मेहुण्याने साहेबांसमोरच दाजींची चूक काढली. सूर्याची उंची तक्त्यातल्या भलत्याच ओळीतून घेतल्यामुळे एक घळ दुप्पट खोल झाली होती.

"दाजी, चष्मा बदला आता!" साहेब म्हणाले, आणि सगळी खोली हसली. दाजीही हसले, पण ते त्यांना फार झोंबलं.

त्याच आठवड्यात मेहुण्याने त्यांना हाक मारली. "ही बघा. यादीतल्या घळीच्या शेजारीच आणखी एक आहे."

दाजी भिंगावर वाकले. केसाएवढी काळी रेघ वळण घेत गेली होती, एका कडेने उजळ. स्वच्छ दिसत होती.

"काचेवरचा ओरखडा आहे."

"नीट बघितलंत ना?"

"वीस वर्षं काय गवत उपटतोय मी?"

मेहुण्याने वाद घातला नाही. दाजींनी 'आढळली नाही' असं लिहून सही ठोकली. दोन दिवस याची जिरू दे, मग सांगू, असं त्यांच्या मनात होतं. पण तो गठ्ठा बंद झाला, काचा कपाटात गेल्या, आणि आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायचं राहून गेलं. सहा महिन्यांनी मेहुण्याने नोकरी सोडली. कंटाळा आला म्हणाला, आणि दुसऱ्या गावी जाऊन लोकांना गाडी चालवायला शिकवू लागला.

अकरा वर्षांनी यानाने जवळून काढलेले फोटो आले. घळ जिथल्या तिथे होती. तिला त्याच विवराचं नाव मिळालं, पुढे दोनचा आकडा. घरी येऊन दाजींनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला कशाला सांगता? त्याला जाऊन सांगा."

रविवारी ते बसने गेले. मेहुण्याच्या छोट्या ऑफिसात, रस्त्यावरच्या खुणांच्या तक्त्याखाली बसून त्यांनी एका दमात सांगितलं, "मला दिसली होती रे. तेव्हाच."

मेहुण्याने समोरची वही मिटली. मग म्हणाला, "मी तीन डॉक्टरांना डोळे दाखवले, दाजी. तिघंही म्हणाले, ठणठणीत आहेत. मला वाटलं, डॉक्टरच चुकताहेत. तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

चार शिव्या खायची दाजींनी तयारी केली होती. याची नव्हती.

"नसलेलं दिसणाऱ्याने मोजणी करू नये, म्हणून सोडलं मी." बाहेर शिकाऊ बाईंनी हॉर्न वाजवला, तसा तो उठला. दारात थबकला. "खोली किती निघाली?"

दाजींनी आकडा सांगितला.

"माझी थोडी कमी आली होती," तो म्हणाला आणि गेला.

शोधणारा म्हणून निदान कचेरीच्या वहीत त्याची नोंद व्हावी, म्हणून दाजी नव्या साहेबांना भेटले. त्यांनी जुनी वही काढून पुढे सरकवली. "इथे 'आढळली नाही' म्हणून तुमचीच सही आहे. आता मी काय लिहू?"

मेहुणा अजून ताईकडे येतो, जेवतो, शिकाऊ लोकांच्या फजितीचे किस्से सांगून तिला हसवतो. चंद्राचा विषय तो काढत नाही, आणि दाजींना काढवत नाही.