देऊळ डाव्या हाताला

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की तुमचं पिवळं स्टॉपवॉच आमच्याकडे राहिलं आहे का. राहिलं आहे. पोहण्याच्या शिबिरासाठी आजोबांनी घेऊन दिलेलं ते, तुम्ही गेल्यावर पलंगाच्या ड्रॉवरमध्ये सापडलं. पण मी ते परत पाठवणार नाही. त्याचं कारण फोनवर सांगण्याइतकं छोटं नाही, म्हणून लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. अडलात तर बाबांना विचारा, पण आधी स्वतः वाचून बघा.

गच्चीवरची खोली तुम्हाला आठवत असेल, जिच्यात तुम्ही पतंग ठेवले होते. ती खोली दिवाळीनंतर एका मुलीला भाड्याने दिली. मी मुलगी म्हणते खरी, पण तिला चार वर्षांची लेक आहे. टेंभुर्णीच्या पलीकडे तिचं गाव. नवरा टेम्पोतून केळी पुण्याला नेतो. तिला पोलीस व्हायचं होतं. त्यासाठी आधी मैदानी परीक्षा असते: बायकांना आठशे मीटर धावायचं, वेळ जितका कमी तितके गुण जास्त. आदल्या भरतीत तिला तीन मिनिटांपेक्षा बराच वेळ लागला आणि ती तिथेच गळाली. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती, तिथवर पोचायचीच भीती होती. आणि ही भरती शेवटची, कारण पुढची निघेपर्यंत वयाची अट ओलांडली जाणार. लेकीला सासूकडे ठेवून ती इकडे जुळे सोलापुरात राहायला आली ती एवढ्याचसाठी. सासूच म्हणाली होती म्हणे, की पोरीला मी बघते, तू पळायचं बघ.

पहिल्या दिवशी ती पहाटे साडेपाचला खाली उतरली तेव्हा मीही फिरायलाच निघाले होते. आपल्या कॉलनीतला मोकळा प्लॉट तुम्ही पाहिला आहे. मधे महादेवाचं छोटं देऊळ, त्याला ग्रिलचं कुंपण, आणि चारी बाजूंनी फरशीची वाट. सकाळी तिथे आम्ही दहाबारा म्हातारे फेऱ्या मारतो. तिने गेटपाशी बुटांच्या नाड्या बांधल्या आणि देऊळ डाव्या हाताला ठेवून पळायला सुरुवात केली.

मी तिला थांबवलं. म्हटलं, अगं, अशी उलटी नको, देवाला उजवं ठेवून जायचं, सगळे तसेच जातात. शिवाय समोरासमोर धडकाल कुणाला तरी. तिने एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "व्हय आजी," म्हणाली, वळली आणि इतरांच्या दिशेने पळायला लागली. घरमालकीण, वयाने मोठी, त्यात निवृत्त शिक्षिका. ती काय वाद घालणार? मला तर आपण एक चांगली शिस्त लावल्याचं समाधान वाटलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसऱ्या आठवड्यात मी तुमचं स्टॉपवॉच घेऊन बाकावर बसायला लागले. आधी ती मोबाईल हातात धरून पळायची आणि दर फेरीला त्यात बघायची. मला ते बघवेना. गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, अंदाजे काही चाललेलं मला सोसत नाही. आजोबांनी त्यांची कचेरीतली जुनी लांब टेप काढली आणि कडेकडेने वाट मोजली. एक फेरी एकशे शहाण्णव मीटर भरली. म्हणजे चार फेऱ्या आणि वर सोळा मीटर. गेटपासून निघायचं आणि गेटच्या पुढच्या बाकाशी, जिथे मी बसायचे, तिथे संपवायचं. आजोबांनी बाकाच्या पायाशी ऑइलपेंटने रेघ मारली आणि महिनाभर सगळ्यांना ती दाखवत होते.

मी एक वही केली. तारीख, वेळ, हवा, रात्री काय खाल्लं. नळाला पाणी येण्याच्या दिवसांचीही नोंद आहे, कारण त्या दिवशी पहाटे तीही मोटर लावायला आणि टाक्या भरायला मदत करायची आणि मग दमून पळायची. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरून यायची. सासू दर पंधरा दिवसांनी टेंभुर्णीहून कुणाच्या तरी गाडीत डबा पाठवायची. केळी तर इतकी यायची की आजोबा म्हणाले, आपण पळत नसलो तरी तयारी आपलीही चालली आहे.

वेळ कमी होत गेला. संक्रांतीला तीन मिनिटं दहा सेकंद होते, महाशिवरात्रीला तीन मिनिटांच्या आत आले. त्या दिवशी देवळात गर्दी होती, तरी आमच्या अक्कांनी लोकांना बाजूला करून तिला वाट करून दिली. अक्का म्हणजे समोरच्या बंगल्यातल्या, अक्कलकोटकडच्या. घरात कानडी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि देवळाची किल्ली त्यांच्याकडे असते. मला त्या मास्तरीणबाई म्हणतात. त्यांच्या शब्दाला प्लॉटवर मान आहे.

मग भरतीची तारीख आली, आणि तिने सरावासाठी एका मोठ्या मैदानावर जायला सुरुवात केली. तिथे दर रविवारी परीक्षेसारखं सगळ्यांना एकत्र पळवतात. पहिल्या रविवारी ती आली ती सरळ जिना चढून गेली. दुपारी मी धपाटे द्यायच्या निमित्ताने वर गेले. अकरा सेकंद जास्त लागले होते. मैदान जड होतं म्हणाली. पुढच्या रविवारी मैदान जड नव्हतं, तरी नऊ सेकंद जास्त. आता परीक्षेला सव्वीस दिवस राहिले होते. तिने लेकीला फोन करणं बंद केलं होतं, हे मला तिच्या सासूनेच फोन करून सांगितलं. म्हणाल्या, पोरीचा आवाज ऐकला की तिला रडू येतं, म्हणून करत नाही. तुम्ही बघा जरा.

तिसऱ्या रविवारी मी रिक्षा करून तिच्याबरोबर गेले. कठड्याबाहेर उभी राहिले, हातात स्टॉपवॉच. शिट्टी झाली, तीसेक मुली सुटल्या. पहिलं वळण आलं आणि त्या सगळ्या डावीकडे वळल्या. मैदानाचा मध्य त्यांच्या डाव्या हाताला होता. आमची पोरगी आतल्या रेघेला धरून निघाली होती, ती वळणावर बाहेर फेकली गेली. एखादी गाडी वळताना रुंद जाते तशी. सरळ भागात तिने तिघींना गाठलं, आणि पुढच्या वळणावर पुन्हा बाहेर. प्रत्येक वळणाला तेच. चार महिने मी तिला उजवीकडे वळायला शिकवलं होतं. तिचा पाय, तिचा खांदा, तिचं झुकणं, सगळं उजवीकडचं झालं होतं.

मी घड्याळ थांबवायला विसरले. शिक्षिका म्हणून मी मुलांच्या चुका शोधत आले, पण आपली चूक अशी डोळ्यांसमोर धावताना पहिल्यांदाच पाहिली. पहिल्या दिवशी ती बरोबर दिशेने निघाली होती. मीच तिला फिरवलं होतं.

परतताना रिक्षातच सांगून टाकलं. मनात ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, चूक माझी आहे, तुला माहीत होतं, तू मला का नाही सांगितलंस?

तिने वाकून बुटांच्या नाड्या सैल केल्या. मग म्हणाली, "मला वाटलं पळणं ते पळणंच की आजी. दिशेनं काय फरक पडतोय. आणि देवाला उलटं जायचं मलाबी बरं वाटंना."

"आता?"

"आता काय. एकोणीस दिस हायेत."

माझ्यावर ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रागावली नाही. घरी येऊन तिने आजोबांकडे टेप मागितली. दिशा उलटी म्हणजे शेवटचे सोळा मीटरही गेटच्या दुसऱ्या बाजूला, विजेच्या डीपीपाशी. आजोबांनी पुन्हा मोजलं, पुन्हा रेघ मारली. या खेपेला कुणाला दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती देऊळ डाव्या हाताला ठेवून पळायला लागली आणि दुसऱ्याच फेरीत सगळा प्लॉट थांबला. आमच्यातले एक गृहस्थ, जे रोज एकशे आठ मणी मोजत फिरतात, वाटेच्या मधोमध उभे राहिले. त्यांचं म्हणणं, ही काय पद्धत झाली, महादेवाला कुणी उलट्या फेऱ्या घालतं का, उद्या काही वाईट झालं तर जबाबदार कोण. दोघीतिघी बायकांनीही माना हलवल्या. मी पुढे होऊन मैदानाचे नियम समजावून सांगू लागले, आणि सांगताना मलाच कळत होतं की नियम सांगून हे सुटणार नाही. ती बाजूला उभी राहून धापा टाकत होती. एकोणिसातला एक दिवस असा चालला होता.

अक्का देवळातून तांब्या घेऊन बाहेर आल्या. काय झालं ते ऐकून घेतलं. मग त्या गृहस्थांना विचारलं, "काका, महादेवाची प्रदक्षिणा तुम्ही कशी घालता?"

ते म्हणाले, कशी म्हणजे, पन्हाळीपर्यंत जायचं आणि परत यायचं, पिंडीचं पाणी जिथून बाहेर येतं ती पन्हाळ ओलांडायची नसते.

"परत येता तेव्हा देव कुठल्या हाताला असतो?"

काकांनी मागे वळून देवळाकडे पाहिलं.

"डाव्या हाताला की," अक्का म्हणाल्या. "बाकीच्या देवांना एकच बाजू चालते. ह्याला आपण रोज दोन्हीकडून फिरतो. ह्यानं उलटंबी बघितलंय, सुलटंबी बघितलंय. आणि पन्हाळ आत हाय, कुंपणाच्या. तुम्ही बाहेरून रोज गोल फिरता ते तरी कुठल्या शास्त्रात हाय हो?"

आजोबा बाकावरून हळूच मला म्हणाले, हे तू त्यांना चार महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतंस. खरंच होतं. मी जन्मभर महादेवाला अर्धी प्रदक्षिणा घालत आले, दर वेळी डाव्या हाताने परत आले, आणि कधी लक्षात आलं नाही.

तेव्हापासून सहा ते साडेसहा वाट तिची असं ठरलं. त्या अर्ध्या तासात आम्ही सगळे ग्रिलला टेकून उभे राहायचो. माळवाले काका तीन दिवस आलेच नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि कोपऱ्यावर उभे राहून तिला सांगायला लागले, की वळणाच्या आधी पाऊल आखूड कर, वळणावर नको. ते तरुणपणी कबड्डी खेळायचे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पहिले पाच दिवस तिची वेळ आधीपेक्षाही वाईट येत होती. मी वहीत खरे आकडे लिहीत होते, पण वही तिला दाखवत नव्हते. बाराव्या दिवशी तिने स्वतःच मागून घेतली, पाहिली, आणि संध्याकाळी गच्चीवरून तिचा फोनवरचा आवाज आला. लेकीला विचारत होती, आज शाळेत काय दिलं खायला.

परीक्षेच्या दिवशी आम्हाला आत सोडत नव्हते. मी, अक्का आणि रात्री टेम्पो चालवून सरळ तिथेच आलेला तिचा नवरा, अशी तिघं भिंतीबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. उमेदवारांच्या पायाला चिप बांधतात, वेळ यंत्रच घेतं, माझ्या घड्याळाचं काही काम नव्हतं. तरी आतून शिट्टी ऐकू आली की मी बटण दाबायचे. ती कितव्या गटात होती हे कुठे माहीत होतं? नऊ गट मोजले. तिचा नवरा दर गटाला उठून उभा राहायचा आणि चहा गार व्हायचा. अक्कांनी शेवटी त्याला कानडीत काहीतरी म्हटलं. त्याला ते कळलं नाही, पण तो बसला.

अकराच्या सुमाराला ती बाहेर आली. अंगभर धूळ, छातीवरचा नंबर अर्धा सुटलेला. माझ्यासमोर उभी राहिली आणि आधी हाताने दाखवलं, डावीकडे वळणारं वळण, अगदी आतून. मग म्हणाली, "दोन बावन्न, आजी. वळणावर एकबी पुढं गेली न्हाय."

तिचा नवरा तिथल्या तिथे खाली बसला आणि रुमालाने तोंड पुसत राहिला.

पुढचं थोडक्यात सांगते. लेखीत ती चांगल्या गुणांनी आली, यादीत नाव लागलं, आणि आता ती प्रशिक्षणाला गेली आहे. जायच्या आधी सासू आणि लेकीला घेऊन भेटायला आली होती. सासूने केळीचा अख्खा घड आणला, आणि आजोबांनी तो पाहून कपाळाला हात लावला. संध्याकाळी आम्ही सगळे प्लॉटवर गेलो. अक्का देऊळ उघडत होत्या. लेकीने आईचा हात सोडला आणि पळत सुटली, देऊळ डाव्या हाताला ठेवून.

माझं तोंड उघडलं होतं. सवयच ती. पण स्टॉपवॉच पिशवीत होतं, मी ते काढून बटण दाबलं. एक फेरी, मधे एकदा पडून आणि एकदा मांजर बघायला थांबून, दोन मिनिटं एकवीस सेकंद. वहीत लिहून ठेवली आहे. तुम्ही उन्हाळ्यात याल तेव्हा तुमचीही वेळ घेऊ. कुठल्या बाजूने पळायचं ते तुम्हीच ठरवा.